खरडून गेलेली

थर्माकोलच्या तराफ्यावर मी, दप्तराची पिशवी
आणि बांबूने पाणी मागे ढकलणारा लिंबाजी.
बूट काढून गळ्यात अडकवलेत.
बेट दिसतंय समोर, पण मागच्या पाहणीच्या जागी नाही.
"सरकलंय जरा," लिंबाजी म्हणतो,
दावं तोडलेल्या म्हशीबद्दल बोलावं तसं.

वादळ झालं होतं समुद्रावर. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं,
वाकलेले माड, उडालेले पत्रे,
मग बातम्यांतली बाई म्हणाली, जोर ओसरला,
आता नुसता कमी दाबाचा पट्टा.
तो पट्टा दोन रात्री आमच्यावर बसून राहिला.
वर धरणाची दारं उचलली,
आणि गंगा बेटावरून अशी गेली
जसं बेट तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

सोजरबाई बाभळीखाली उभी आहे.
"काय नाव म्हन्ले त्याचं?"
मी सांगते.
"आन बेटाचं नाव हाय का तुमच्या कागदात?"
बेटाला गट क्रमांक आहे.
नकाशात निळ्या रेघेच्या पोटात
कुणीतरी तांबड्या पेन्सिलीनं केलेला ठिपका.

मी रकाने वाचते.
पिकाखालील क्षेत्र. गाळ साचलेली. खरडून गेलेली.
झेंडू होता, साडेतीन हजार रोपं, दसऱ्याला अकरा दिवस उरलेले.
"कलकत्ता झेंडू," ती म्हणते,
"रोप बी तिकडलं, वादळ बी तिकडलं,"
आणि हसते, मग एकदम हसणं थांबवते.
इंजिन पंप एक. तो पुलाच्या खांबाला अडकलाय, दिसतो इथून.
जाळी अकरा.
मी पेन थांबवते. मासा हे पीक नाही.
जाळं अवजारात बसत नाही.
संस्थेची पावती असती तर.
"संस्थेत बायांला घेतेत व्हय?" ती विचारते.
मी 'शेरा' मध्ये लिहिते: जाळी. आकडा लिहीत नाही. मग लिहिते.

मरळ गेली. तिच्या दगडांखालच्या जागा बुजल्या.
आता जाळ्यात येते ती धरणातून सुटलेली तिलापी,
काट्यांचीच जास्त, नांदेडच्या बाजारात
तिला कुणी भाव विचारत नाही, फक्त किलो विचारतात.

बाभळीवर सुगरणींची घरटी होती, अठरावीस.
तेवढ्याच उंचीवर आता युरियाच्या गोण्यांच्या चिंध्या,
एक शाळेचं दप्तर, कुणाची तरी अर्धी साडी.
एक सुगरण चोचीत पात धरून
गोणीच्या दोऱ्याकडे बघत बसलेली.
ती काय ठरवते ते बघायला मला वेळ नव्हता.

पलीकडच्या काठावर चाकांच्या खुणा, ताज्या.
पूर उतरल्याच्या दुसऱ्याच रात्री
ट्रॅक्टर आले होते, दिवे विझवून.
माती गेली ती कुणाची कळत नाही,
वाळू आली ती मात्र ज्यानं भरली त्याची.

मोबाईलमध्ये फोटो काढायचा असतो, लाभार्थीसह.
मी तिला बांधावर उभं करते. बांध नाही, पण उभं करते.
ॲप गोल गोल फिरतं, मग तांबडं होतं:
तुम्ही निवडलेल्या गटाच्या हद्दीत नाही.
ठिपक्यावर बोट ठेवून बघते,
तर आम्ही दोघी नदीच्या मधोमध, निळ्यात.

"कामून, काय म्हनतंय?"
"म्हणतंय, आपण पाण्यात आहोत."
ती खाली बघते. टाचा भेगाळलेल्या, कोरड्या,
त्यांत राखाडी गाळ भरलेला.
"थोडं तिकडं सरकू," ती म्हणते,
आणि पदर खोचून चालू लागते
जुनं बेट होतं त्या बाजूला,
घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत,
वळून मला विचारते,
"हितं येईल का फोटू?"